पहिल्या मीटिंगआधी आणि नंतर: दारूमुक्तीच्या गटांविषयी वाचकांचे प्रश्न

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रांतली नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं व्यसनोपचाराच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी दिली आहेत. पहिलं उत्तर मात्र सगळ्यांनी वाचावं, प्रश्न आपला नसला तरी.

प्रश्न : रोज रात्री पिणं तर आहेच, पण गेलं वर्षभर सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या-उठल्या थोडी घ्यावी लागते. आता ठरवलंय, सोमवारी बाटली कायमची बंद आणि त्याच संध्याकाळी मीटिंग. यात काही चुकतंय का?

मीटिंगला जाण्यात काहीच चुकत नाही, त्यासाठी सोमवारचीही वाट पाहू नका. धोका आहे तो डॉक्टरांना न भेटता एकदम बंद करण्यात. सकाळी हात थरथरतात आणि थोडी घेतली की थांबतात, याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झालेलं आहे. दारू मेंदूचं काम मंदावते. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याची भरपाई म्हणून आपली उत्तेजना वाढवून बसलेला असतो. दारू अचानक काढून घेतली की ती वाढलेली उत्तेजना तेवढी मागे उरते.

शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड, बेचैनी सुरू होते. फिट येणार असेल तर ती बहुतेक वेळा पहिल्या ४८ तासांत येते. त्यापुढे, साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, काहींना नसलेली माणसं किंवा किडे दिसतात, वेळकाळाचं भान सुटतं, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली असेल किंवा असे भास झाले असतील, वय जास्त असेल, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, झोपेच्या गोळ्यांची सवय असेल, तर धोका आणखी वाढतो. शिवाय जितक्या वेळा असं अचानक बंद करून पुन्हा सुरू केलं असेल, तितका पुढचा त्रास तीव्र होत जाण्याची शक्यता असते. ‘मागच्या वेळी काही झालं नव्हतं’ या अनुभवावर म्हणूनच विसंबू नये.

डॉक्टरांना तीन गोष्टी नेमक्या सांगा: रोज काय आणि किती मिलीलिटर पिता, शेवटचं कधी प्यायलात, आणि इतर कोणती औषधं चालू आहेत. आकडा कमी करून सांगू नका, कारण औषधाचा डोस त्याच आकड्यावर ठरतो. उपचार सहसा आठवडाभराचा असतो: बेन्झोडायझेपिन गटातलं औषध कमी-कमी करत नेतात आणि सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब१, देतात. दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये थायमिन फार कमी झालेलं असतं आणि त्यामुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. घरात पडलेल्या झोपेच्या गोळ्या घेऊन हा उपचार स्वतः करू नका. डॉक्टर भेटेपर्यंत एकदम शून्यावर येऊ नका. फिट, भ्रम किंवा तापासह बडबड दिसली तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

गटात औषधं नसतात, डॉक्टर नसतो. ते त्याचं कामही नाही. पण गटात जाण्यासाठी दारू आधी सुटलेली असावी लागते असंही नाही. प्यायची थांबवायची इच्छा एवढी एकच अट असते. काही गट ‘आज प्यायला असाल तर फक्त ऐका, बोलू नका’ अशी विनंती करतात. तेवढी पाळा.

प्रश्न : आमच्या भागात असा गट आहे की नाही, हेच कळत नाही. शोधायचा कसा आणि फोनवर विचारायचं काय?

शोध अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए.पासून सुरू करा. कारण साधं आहे: तिचे गट सर्वात जास्त ठिकाणी आहेत. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक, दोघेही दारूने खचलेले. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये ते भेटले आणि तिथून हे काम सुरू झालं. आज सुमारे १८० देशांत ए.ए.चे गट आहेत.

संस्थेच्या संकेतस्थळावर ‘मीटिंग शोधा’ असा विभाग असतो. त्याखेरीज बहुतेक मोठ्या भागांत गटांचं मिळून एक कार्यालय असतं, त्याला इंटरग्रुप म्हणतात. त्याची हेल्पलाइन बहुधा स्वतः दारू सोडलेले सभासदच उचलतात. तिथे संकोच करण्यासारखं काही नाही, तुम्ही सांगाल ते त्यांनी आधी ऐकलेलं किंवा भोगलेलं असतं.

यादीत गट सापडला म्हणजे काम झालं असं समजू नका. बरेच लोक पहिल्यांदा जातात ते बंद दारापाशी, आणि मग महिनोन्महिने पुन्हा जात नाहीत. गटांच्या जागा स्वतःच्या नसतात. शाळेचा वर्ग, प्रार्थनास्थळाचं सभागृह, रुग्णालयातली खोली अशा उसन्या जागी ते भरतात. जागा बदलते, वार बदलतो, यादी मात्र जुनीच राहते. म्हणून त्याच दिवशी फोन करून खात्री करा. फोनवर एवढं विचारा: आज मीटिंग नक्की आहे का, इमारतीत नेमकी कोणती खोली, कोणत्या दाराने यायचं, मीटिंग कोणत्या भाषेत चालते, आणि ती ओपन आहे की क्लोज. ओपन मीटिंगला कुणीही बसू शकतं, घरचे लोक किंवा विद्यार्थीसुद्धा. क्लोज मीटिंग फक्त दारू सोडायची इच्छा असणाऱ्यांसाठी असते. सोबत कुणाला न्यायचं असेल तर ओपनच निवडा. आणखी एक विचारा: ‘मी पहिल्यांदाच येतोय, कुणी दारापाशी भेटेल का?’ याला नकार सहसा येत नाही. बाहेर मोठा फलक नसतो, आणि खोली शोधत फिरतानाच पुष्कळांचा धीर सुटतो.

तुम्ही डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकांकडे जात असाल तर त्यांना सांगा, ‘माझ्यासमोरच गटातल्या कुणाला तरी फोन लावा.’ १९८१ मध्ये अमेरिकेत वीस रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. अर्ध्यांना फक्त मीटिंगची माहिती देऊन ‘जा’ म्हणून सांगितलं. उरलेल्यांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्यासमोरच ए.ए.च्या सभासदाला फोन लावला, सभासदाने सोबत यायची तयारी दाखवली आणि मीटिंगआधी आठवणीचा फोनही केला. दुसऱ्या गटातले सगळे मीटिंगला पोहोचले, पहिल्या गटातलं कुणीच नाही. अभ्यास लहान आहे, पण आमच्या कामात रोज दिसतं ते याहून वेगळं नाही. पत्ता लिहिलेला कागद खिशातच राहतो.

शोधताना एका मीटिंगवर थांबू नका. पुढच्या दहा दिवसांतल्या तीन वेगवेगळ्या मीटिंगा वहीत लिहून ठेवा, शक्यतो वेगवेगळ्या गटांच्या. गटागटांत फार फरक असतो. एकीकडे आठ माणसं असतात, दुसरीकडे साठ. एक गट हसरा, दुसरा गंभीर. एकाच मीटिंगवरून ‘हे आपल्यासाठी नाही’ असं ठरवणं घाईचं आहे.

जवळ काहीच नसेल, पाळीची नोकरी असेल किंवा बाहेर पडणं अवघड असेल, तर ऑनलाइन मीटिंगा दिवसाच्या जवळजवळ कोणत्याही वेळी मिळतात. कॅमेरा बंद ठेवता येतो. मात्र आत शिरण्याआधी पडद्यावरचं आपलं नाव तपासा. कामाच्या खात्यावरून गेलात तर आडनावासकट पूर्ण नाव, कधी फोटोही, सगळ्यांना दिसतो. हेडफोन लावा, दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या घरात ऐकू जाणं हाही त्यांच्या विश्वासाचाच प्रश्न आहे. ऑनलाइन उपयोगी आहेच, पण आठवड्यातून एखादी तरी प्रत्यक्ष मीटिंग जमत असेल तर ती सोडू नये असं आमचं मत आहे. रात्री दोन वाजता ज्याला फोन करता येईल असा माणूस प्रत्यक्ष भेटीतून लवकर जोडला जातो.

प्रश्न : आत काय होतं? उभं राहून ‘मी दारुडा आहे’ असं म्हणावं लागतं का? पैसे किती? मला चारचौघांत बोलता येत नाही.

बोलावं लागत नाही. ‘आज मी फक्त ऐकणार आहे’ हे एक वाक्य पुरतं, आणि तेही न म्हणता नुसती मान हलवली तरी चालतं. आपलं पहिलं नाव सांगून ‘मी अल्कोहोलिक आहे’ असं म्हणण्याची पद्धत आहे, पण ती सक्ती नाही. पुष्कळ नवखे नुसतं नाव सांगतात.

मीटिंग साधारण एक ते दीड तासाची असते. सूत्रसंचालन त्या दिवशीचा एखादा सभासदच करतो. सुरुवातीला क्षणभर शांतता किंवा छोटी प्रार्थना, मग गटाचा उद्देश आणि बारा पायऱ्या, म्हणजे दारूमुक्त राहण्यासाठी ए.ए.ने क्रमाने मांडलेली बारा तत्त्वं, वाचून दाखवतात. त्यानंतर मीटिंगच्या प्रकाराप्रमाणे वळण लागतं. स्पीकर मीटिंगमध्ये एकजण आपला अनुभव सविस्तर सांगतो. चर्चेच्या मीटिंगमध्ये एक विषय घेऊन प्रत्येकजण तीन-पाच मिनिटं बोलतो, याला शेअरिंग म्हणतात. स्टेप मीटिंगमध्ये एकेक पायरी घेतात. नव्यांसाठी वेगळी मीटिंग असेल तर तिथूनच सुरुवात करा.

मधे कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. नव्या माणसाला हे आधी कोरडं वाटतं, कारण आपण इतकं बोललो आणि कुणी काहीच म्हटलं नाही. पण या नियमामुळेच माणूस खरं बोलू शकतो. उलटतपासणी होणार नाही याची खात्री असली की लपवाछपवीची गरज राहत नाही.

शुल्क नाही, नोंदवही नाही, अर्ज नाही. मधे एक टोपली किंवा डबा फिरतो, त्यात सभासद खुशीने काही टाकतात. जागेचं भाडं आणि छापील साहित्य त्यातून निघतं. नवख्या माणसाने काही टाकावं अशी अपेक्षा नसते, आणि बाहेरच्यांकडून ए.ए. देणगी घेत नाही. कुणी प्रवेशशुल्क मागत असेल तर तो ए.ए.चा गट नव्हे.

दहा मिनिटं आधी पोहोचा, आणि मीटिंग संपली की लगेच निघू नका. आमच्या मते ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची. खुर्च्या उचलून ठेवताना, जिन्यात उभं राहून जे बोलणं होतं, त्यातून ओळख होते. दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, काही काम नसताना, एकाला फोन करून पाहा. संकटात पहिल्यांदा नंबर फिरवणं फार जड जातं, एकदा सवय झाली की तेवढं जड राहत नाही.

पहिल्या मीटिंगनंतर हमखास येणारा एक विचार आधीच सांगून ठेवतो: ‘यांचं केवढं वाईट झालंय, माझं तर इतकं नाही. मी यांच्यातला नाही.’ कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाचं घर मोडलेलं. ते ऐकून आपली तुलना सुरू होते आणि पाय मागे फिरतात. घटनांची तुलना करू नका. लपवून पिणं, सकाळची शरम, ‘आज दोनच’ म्हणून सुरू होऊन न थांबणं, यात आपल्यासारखं काही सापडतं का ते ऐका. तरीही शंका असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट नावाची दहा प्रश्नांची चाचणी डॉक्टरांकडून करून घ्या. गुण ० ते ४० असतात. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याचं मानतात, वीस किंवा जास्त आले तर अवलंबित्वाची शक्यता धरून नीट तपासणी करतात. तुमच्या मनाचा अंदाज आणि ही बेरीज यांत बहुधा अंतर पडेल.

प्रश्न : मी नास्तिक आहे. बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहे असं ऐकलं. मग मी काय करू?

उल्लेख आहे, आणि तो एकापेक्षा जास्त पायऱ्यांत आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र मूळ मजकुरातच ‘आपल्याला उमगलेला’ अशी मोकळीक ठेवली आहे. अनेक नास्तिक सभासद त्या जागी गटालाच धरतात: माझ्या एकट्याने जे जमलं नाही ते या लोकांसोबत जमतंय, एवढाच अर्थ. काही भागांत निरीश्वरवादी सभासदांचे वेगळे ए.ए. गटही आहेत. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभं राहिलं तर कुणी हरकत घेऊ नये. घेतली तर दुसरा गट पाहा.

एवढं करूनही अडत असेल तर वेगळ्या वाटा आहेत. स्मार्ट रिकव्हरी ही संस्था १९९४ पासून काम करते. तिथे देवाचा विषय नाही, पायऱ्या नाहीत. प्रशिक्षित चालक असतो आणि सभासद एकमेकांशी थेट चर्चा करतात. भर चार गोष्टींवर असतो: इच्छा टिकवणं, तलफ हाताळणं, विचार-भावना-वागणं सांभाळणं आणि संतुलित जगणं. ज्यांना वही-पेन घेऊन सराव करायला आवडतं त्यांना ही पद्धत मानवते. लाइफरिंग हाही असाच धर्मनिरपेक्ष गट आहे. ए.ए. इतका यांचा पसारा नाही, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते ऑनलाइनच गाठावे लागतात. दोन्हीकडे जायलाही बंदी नाही.

‘पण याचा उपयोग होतो का?’ असंही काहींनी विचारलं आहे. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. ए.ए.शी पद्धतशीर जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षानंतर सुमारे ४२ टक्के लोक पूर्ण दारूमुक्त होते, तर इतर मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३५ टक्के होतं. निम्म्याहून जास्त लोकांना दोन्हीकडे पूर्ण यश आलं नाही हेही त्याच आकड्यांत आहे. म्हणून एक वाट बंद वाटली तर दुसरी धरावी, उपचार आणि गट दोन्ही एकत्र चालवावेत.

प्रश्न : जवळच्या गटात सगळे पुरुषच आहेत. एक जुने सभासद ‘मी तुम्हाला मार्गदर्शन करीन’ म्हणून रोज रात्री फोन करतात. स्पॉन्सर म्हणजे हेच का?

नाही. आणि तुम्हाला अवघडल्यासारखं वाटत असेल तर ते बरोबरच वाटतंय.

स्पॉन्सर म्हणजे आपल्याआधी पायऱ्यांतून गेलेला सभासद, जो आपल्याला त्यातून नेतो आणि अडचणीच्या वेळी फोन उचलतो. त्याला निवडायचं आपण. त्याने स्वतःहून नेमायचं नसतं. जुनी आणि शहाणपणाची रीत अशी की स्त्रीची स्पॉन्सर स्त्री असावी आणि पुरुषाचा पुरुष. ज्यांना समलिंगी आकर्षण असतं त्यांनीही हाच हेतू ध्यानात ठेवून निवड करावी. दारू सोडून निदान वर्ष झालेलं असावं, स्वतः पायऱ्या केलेल्या असाव्यात, आणि त्या व्यक्तीचं मीटिंगमधलं बोलणं आणि मीटिंगबाहेरचं वागणं जुळत असावं. विचारायला दोन-तीन आठवडे घ्या. ‘काही दिवसांसाठी तात्पुरते स्पॉन्सर व्हाल का?’ असंही विचारता येतं. नंतर बदलायचं झालं तर आभार मानून बदलावं, कारण द्यावं लागत नाही.

स्पॉन्सर पैसे उसने देत-घेत नाही, औषधं बदलायला सांगत नाही, लग्न-नोकरीचे निर्णय आपल्यासाठी घेत नाही, आणि प्रेमाचा किंवा शारीरिक जवळिकीचा विषय तर काढतच नाही. सोडल्यानंतरचे पहिले महिने माणूस हळवा असतो. त्याचा गैरफायदा घेणारे कुठल्याही समूहात निघू शकतात, इथेही निघतात. त्या गृहस्थांना एकदाच स्पष्ट सांगा, ‘मला फोन करू नका’, आणि नंबर ब्लॉक करा. गटाच्या सेक्रेटरीला किंवा इंटरग्रुप कार्यालयाला कळवा. छळ किंवा धमकी असेल तर पोलिसांकडे जा. अनामिकतेचं तत्त्व, म्हणजे कोण आलं आणि काय बोललं ते बाहेर न सांगणं, गुन्हा झाकण्यासाठी नाही.

स्त्रियांच्या वेगळ्या ए.ए. मीटिंगा अनेक ठिकाणी आणि ऑनलाइन असतात, हेल्पलाइनवर मुद्दाम विचारा. विमेन फॉर सोब्रायटी ही फक्त स्त्रियांसाठीची संस्था १९७६ मध्ये जीन कर्कपॅट्रिक यांनी अमेरिकेत सुरू केली. तिथे बारा पायऱ्यांऐवजी तेरा विधानं आहेत आणि भर अपराधभावापेक्षा आत्मसन्मानावर आहे. बायकांच्या पिण्याकडे समाज ज्या नजरेने बघतो त्यामुळे शरमेचं ओझं त्यांच्यावर आधीच जास्त असतं. ज्यांना ए.ए.मधली ‘आपण हतबल आहोत’ ही भाषा टोचते त्यांनी हे जरूर पाहावं.

प्रश्न : गटात बोललेलं बाहेर जाणार नाही याची हमी काय?

शब्दाची हमी असते, कायद्याची नसते. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या गोपनीयतेसारखं बंधन सभासदांवर नाही. अनुभव असा की हे तत्त्व मनापासून पाळलं जातं, कारण प्रत्येकाचंच काहीतरी त्यात गुंतलेलं असतं. तरीही कंपनीचं नाव, चालू खटला, दुसऱ्याला अडचणीत आणणारी माहिती मीटिंगमध्ये सांगू नका. ते वकील किंवा समुपदेशकासमोर बोला. आणि गटातलं कुणी रस्त्यात भेटलं, सोबत घरचे असतील, तर ओळख दाखवायची की नाही हे समोरच्यावर सोडा.

प्रश्न : चार महिने दारूला शिवलो नव्हतो. एका समारंभात प्यायलो, मग आठवडाभर पीतच राहिलो. आता गटात कुठल्या तोंडाने जाऊ?

आजच्याच मीटिंगला जा. पिण्याने जेवढं नुकसान झालं त्याहून जास्त नुकसान न जाण्याने होतं. गटात बसलेल्यांपैकी पुष्कळांनी हे भोगलेलं आहे, एकदा नव्हे तर अनेकदा. आत गेल्यावर एवढंच म्हणा: ‘मी पुन्हा प्यायलो, आज परत आलोय.’ तपशील पुढच्या खेपेला सांगता येतील.

त्याआधी शरीराकडे पाहा. आठवडाभर सलग प्यायलात, तेव्हा थांबताना पहिल्या उत्तरात सांगितलेला त्रास होऊ शकतो. डॉक्टरांना भेटा. चार महिन्यांत सहनशक्ती कमी झालेली असते, त्यामुळे जुन्या प्रमाणात पिणं आता अधिक घातक ठरतं.

मग शांतपणे मागे जाऊन पाहा. घसरण बहुधा समारंभात सुरू झालेली नसते. आधीच्या तीन-चार आठवड्यांत मीटिंगा विरळ झाल्या होत्या का? स्पॉन्सरचा फोन टाळत होतात का? झोप कमी, कुणावर धुमसता राग, ‘आता एवढी गरज नाही’ असा विश्वास? भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ जोर धरते, आणि समारंभात कधी कधी चारही एकत्र येतात. एका कागदावर प्यायच्या आधीचे पंधरा दिवस उलटे लिहून काढा आणि स्पॉन्सरला वाचून दाखवा. कुठे वेगळं वागता आलं असतं ती जागा सापडते.

पुढच्या समारंभाची तयारी अशी करा: जाणं टाळता येत असेल तर पहिलं वर्षभर टाळा. जावंच लागलं तर परतीचं वाहन आपल्या हातात ठेवा, दारू न पिणारा एकजण सोबत घ्या, हातात सतत दुसऱ्या पेयाचा ग्लास धरा, आत जाण्याआधी आणि निघाल्यावर गटातल्या माणसाला फोन करा. कुणी आग्रह केला तर ‘डॉक्टरांनी बंद केली आहे’ इतकंच. लांबण लावलं की वाद सुरू होतो. तलफेची लाट चढते तशी उतरतेही, बहुधा अर्ध्या तासात. तेवढा वेळ जागा सोडून चालत राहणं हा उपाय साधा दिसतो, पण उपयोगाचा आहे.

काही गट ‘९० दिवसांत ९० मीटिंगा’ सुचवतात. सगळ्यांना ते झेपत नाही. पण घसरल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे रोज एक, ऑनलाइन का होईना, एवढं जरूर करा. आणि चार महिने फुकट गेले असं मानू नका. दारूमुक्तीचा काळ दाखवणाऱ्या गटातल्या बिल्ल्यावरचा आकडा नव्याने सुरू होईल, पण त्या चार महिन्यांत शिकलेलं पुसलं जात नाही.

प्रश्न : डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन दिलं आहे, नैराश्याची गोळीही चालू आहे. गटातले एकजण म्हणतात, गोळ्या घेणं म्हणजे खरी दारूमुक्ती नव्हे.

ते त्यांचं वैयक्तिक मत आहे, संस्थेचं नाही. ए.ए.चं स्वतःचंच सांगणं आहे की कुणाही सभासदाने डॉक्टरकी करू नये. औषधं परस्पर बंद केल्याने लोकांचं गंभीर नुकसान झालेलं आहे, जीवही गेलेले आहेत. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही मान्यताप्राप्त औषधं आहेत. पहिलं पिण्यातून मिळणारी मजा कमी करतं, दुसरं सोडल्यानंतर टिकून राहायला मदत करतं. नाल्ट्रेक्सोन चालू असताना अफूवर्गातल्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत, हे इतर कुठल्याही डॉक्टरांना आठवणीने सांगा. गटात औषधांचा विषय काढायची गरज नाही. स्पॉन्सरच असं बोलत असेल तर स्पॉन्सर बदला.

प्रश्न : माझे पती मीटिंगला यायला तयार नाहीत. एका ओळखीच्या बाईंनी एक गोळी सांगितली आहे, जेवणात कळू न देता घालायची, म्हणजे दारू नकोशी होते. देऊ का?

कृपा करून देऊ नका. ती गोळी बहुधा डायसल्फिराम असेल. दारू शरीरात मोडताना अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. एरवी तो पटकन पुढे मोडला जातो, ही गोळी ते मोडणं अडवते. मग थोडी दारू पोटात गेली तरी चेहरा लालबुंद होणं, उलट्या, छातीत धडधड, श्वास लागणं, रक्तदाब कोसळणं असं होतं. हृदयविकार असेल तर मृत्यूही होऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध वाईट नाही. रुग्णाला सगळं माहीत असताना, तपासण्या करून, शेवटच्या पिण्यानंतर किमान १२ तास गेल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते दिलं जातं. नकळत दिलं तर रुग्णाला माहीतच नसतं की आज पिणं जिवावर बेतेल. आधी दिली असेल तर लपवू नका, आजच डॉक्टरांना सांगा.

आता तुमच्याबद्दल. अल-अनॉन हे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांचे गट आहेत, १९५१ मध्ये बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांच्या पुढाकाराने त्यांची संघटना उभी राहिली. किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन आहे. पती येवोत न येवोत, तुम्ही जाऊ शकता. तिथे जाऊन पती पिणं थांबवतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, तो त्या गटाचा उद्देशच नाही. तो तुमची झोप, तुमचा राग, तुमचं सतत बाटल्या मोजत राहणं यासाठी आहे.

पतींना उपचारापर्यंत आणायचं असेल तर क्राफ्ट नावाची पद्धत शिकवणारा समुपदेशक शोधा. रॉबर्ट मेयर्स यांनी ती विकसित केली. १९९९ मध्ये १३० कुटुंबीयांवरच्या अभ्यासात, या पद्धतीने शिकलेल्या ६४ टक्के लोकांनी आपल्या माणसाला उपचारापर्यंत आणलं. सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं, आणि अल-अनॉनच्या धर्तीवरच्या समुपदेशनात १३ टक्के. घरच्यांचं स्वतःचं मानसिक ओझं मात्र तिन्हींत सारखंच हलकं झालं.

यातलं आजपासून जमण्यासारखं सांगतो. ते प्यायलेले असताना विषय काढू नका, वाद घालू नका, दुसऱ्या खोलीत जा. न प्यायलेल्या संध्याकाळी मुद्दाम सोबत बसा, त्यांना आवडेल असं काही करा. पिण्याचे परिणाम झाकू नका: कामावर ‘बरं नाही’ म्हणून तुम्ही फोन करू नका, उधारी तुम्ही फेडू नका. मारहाणीची भीती असेल तर यातलं काहीही करण्याआधी तुमच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेची सोय लावा. अशा घरात ‘परिणाम भोगू द्या’ हा सल्ला उलटू शकतो.

बोलायची वेळ निवडून घ्या. काहीतरी बिनसल्यानंतरची सकाळ, शुद्ध पूर्ण असताना. ‘तुम्ही नेहमी असंच करता’ अशी सुरुवात नको. ‘काल रात्री मला भीती वाटली. एकदा डॉक्टरांकडे जाऊया, मी येते सोबत.’ एवढंच बोला आणि थांबा. हो म्हणण्याचा क्षण फार थोडा वेळ टिकतो, दुपारपर्यंत मन फिरतं. म्हणून डॉक्टरांची वेळ कशी मिळते, जवळची ओपन मीटिंग कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे असते, घरी येऊन बोलायला तयार असलेला सभासद कोण, हे सगळं आधीच विचारून लिहून ठेवा. ते ‘बरं’ म्हणाले की त्याच तासात फोन लावा.